नव्या चेंडूचा खिसा

टीपकाकूंच्या हातून शिवून गेलेला कपडा एकतीस वर्षांत एकदाही दुरुस्तीला परत आला नव्हता. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि कुणी न विचारता सांगायच्या. टीपकाकू हे नाव गल्लीतल्या बायकांनी कौतुकाने ठेवलं की वैतागून, याचा छडा काही लागला नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्यांची नजर त्याच्या कॉलरच्या शिवणीवर गेलेली असायची.

आणि अशा घरात सून आली ती तयार कपडे घालणारी. काकूंनी दोन वर्षांत तीनदा मापाची टेप गळ्यात अडकवली, आणि तिन्ही वेळा "कशाला त्रास घेता, आई?" म्हणून सुनेने गोडीत टाळलं. भांडण नव्हतं हो! पोरगी गुणाची होती. पण आपल्या हातचा एक टाकाही तिच्या अंगावर नाही, हे काकूंना दाताखाली खडा यावा तसं खुपायचं.

मग शहरातल्या इनडोअर टेनिस स्पर्धेत लेक आणि सून जोडीने उतरल्या, महिला दुहेरीत. "नणंद-भावजय एका बाजूला उभ्या राहून दुसऱ्यांशी भांडतात, असा हा एकच खेळ असणार," काकूंचे यजमान म्हणाले. दोघी भांडत भांडत थेट फायनलला पोचल्या. तेव्हा लेक म्हणाली, "आई, फायनलला आम्हाला एकसारखे स्कर्ट शिव ना. वहिनी, चालेल?" सुनेने हातातली रॅकेट खाली ठेवली आणि ती मापाला उभी राहिली.

पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी मारायची, तेव्हा दुसरा चेंडू खिशात हवा, एवढं लेकीने सांगितलं होतं. चेंडू केवढा असतो ते विचारतील तर त्या टीपकाकू कसल्या? घरात टेनिसचा एक जुना चेंडू होताच. टाच दुखते म्हणून यजमान तो दोन वर्षं रोज पायाखाली घोळवत होते. त्याच्याच मापाने काकूंनी दोन्ही स्कर्टांना खिसे लावले. शेवटची टीप सामन्याच्या आदल्या दिवशी पडली. दोघींनी घालून पाहिलं, कंबर बरोबर, लांबी बरोबर. खिशात चेंडू घालून पाहायचं कुणालाच सुचलं नाही.

हॉल म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर, खाली हिरवा गालिचा आणि डोळे दिपवणारे दिवे. काकू तिसऱ्या रांगेत ताठ बसल्या होत्या. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या आपल्या दोन शिवणी बघायला आल्या होत्या.

लेकीला दुसरा चेंडू डाव्या मुठीत धरायची सवय, तिचं काही अडलं नाही. सून मात्र दोन्ही हातांनी रॅकेट धरून मारणारी, तिला खिशाशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने सर्व्हिस केली, दोन पावलं धावली, आणि खिशात अर्धाच बसलेला चेंडू टप्पकन खाली पडून गालिच्यावर घरंगळत गेला. पंचांनी खेळ थांबवला.

"हा पॉइंट पुन्हा खेळा," खुर्चीवरून ते म्हणाले. "पण परत पडला तर पॉइंट त्यांना जाईल."

"माझंच चुकलं, नीट ठेवला नव्हता," सून मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने, की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जावं.

काकूंच्या कानशिलांपर्यंत धग चढली. सून त्यानंतर एक हात खिशावर दाबून धावू लागली. अशाने कुणी जिंकतं का? पहिला सेट हातचा जाऊ लागला. तेवढ्यात कुणाचा तरी चुकार फटका प्रेक्षकांत आला आणि चेंडू काकूंच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलून दाबला, फिरवला.

"अगं बाई, याला तर लव आहे!" त्या यजमानांवर उखडल्या. "तुमच्या टाचेने आपल्या चेंडूची पार हजामत केली की हो!"

यजमान स्वतःच्या टाचेकडे बघत राहिले.

तो सेट गेल्यावर काकू तरातरा खाली गेल्या. लेक दबक्या आवाजात म्हणाली, "आई, तू इथे कशाला आलीस?" काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पर्समधून छोटी कात्री काढून त्या सुनेपुढे वाकल्या.

"काकू, दोनच मिनिटं आहेत," पंच म्हणाले.

"मला एक पुरे."

काकूंची जुनी पद्धत होती. आतली टीप घट्ट घालायची आणि बाहेरच्या बाजूने, अर्धा बोट जागा सोडून, दुसरी टीप मारून ठेवायची, म्हणजे पुढे सैल करायची वेळ आली तर फक्त आतली उसवायची. लोकांची अंगं वाढतात हे त्यांना माहीत होतं. चेंडूचंही वाढतं, हे आज कळलं. कात्रीचं टोक सरसर फिरलं, खिसा सैल झाला आणि चेंडू तळापर्यंत उतरला.

"चूक माझी होती," काकू दोरे झटकत म्हणाल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून यजमानांनीसुद्धा ऐकलं नव्हतं.

दुसरा सेट दोघींनी ओढून आणला. तिसरा अटीतटीचा झाला. शेवटच्या पॉइंटला सर्व्हिस सुनेची होती. पहिली जाळ्यात गेली. सगळा हॉल जाळ्याकडे बघत होता, एक बाई फक्त खिशाकडे. सुनेचा हात आत गेला, चेंडू अलगद बाहेर आला, आणि समोरचीने परतवलेला फटका रेषेबाहेर पडला. जिंकल्या!

काकू खाली पोचल्या तेव्हा सून बॅगेतून टॉवेल काढत होती. टॉवेलखाली तिचा जुना, दुकानातला निळा स्कर्ट व्यवस्थित घडी घालून ठेवलेला होता.

"हा तुझ्याजवळ होता?" काकूंनी विचारलं. "सगळा वेळ?"

"जास्तीचा एक असतोच, आई."

"मग चेंडू पडल्यावर बदलला का नाहीस? एक अख्खा सेट घालवलात!"

सून तोंड पुसत म्हणाली, "बदलला असता, तर तुम्ही परत कधी माझं माप घेतलं नसतं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्या निळ्या स्कर्टची खालची पट्टी चिमटीत धरून पाहिली.

"उसवलीय ही. घाईचं काम असंच असतं दुकानवाल्यांचं," त्या नाक ओढत म्हणाल्या. "आण घरी, टीप मारून देते."

सुनेने तो तिथेच बॅगेतून काढून त्यांच्या हातात दिला.