एकाच डब्यातली काडतुसं

आमच्या रायफल क्लबात रिकामी काडतुसं टाकायला तेलाचा एक जुना पिपा ठेवलाय. तो भरला की रिकामा करता येतो. किश्श्यांचं तसं नाही. ते साचतच जातात, आणि क्लबचा सेक्रेटरी म्हणून सगळे माझ्याच डोक्यात. एरवी माझं सक्करदऱ्यात चष्म्याचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक चष्म्याबरोबर एखादा किस्साही घेऊन जातं.

क्लबात वर्षानुवर्षं पॉइंट टू टू बोअरची दोन पिस्तुलं होती. रायफल घ्यायची ठरली आणि मीटिंग पेटली. लकडगंजात लाकूड कापायची आरामशीन असलेल्या बिपिनभाईंना मोठी रायफल हवी होती. आवाज मोहल्ल्यात गेला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. रामटेके काका, म्हणजे आमचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, शेवटी उठले. मग म्हणाले, पिस्तुलाचंच काडतूस चालेल अशी रायफल घ्या. एक डबा, एक कपाट, एक किल्ली.

बिपिनभाई उसळले. "पिस्तुलाची गोळी रायफलीत? उद्या म्हणाल, स्कूटरचं पेट्रोल कारमध्ये टाका."

"मंग तू कारमंदी काय तर्री टाकतं का गा?" काकांनी शांतपणे विचारलं.

ठराव पास झाला.

*

दुकानदाराने पॉइंट टू टूच्या चार रायफली काउंटरवर मांडल्या. बिपिनभाईंनी नळीकडे पाहिलंच नाही. प्रत्येक दस्त्यावर बोटाने टकटक केली, वास घेतला, नखाने खरवडलं. सगळ्यात महागडी रायफल त्यांनी बाजूला सारली. लाकूड नीट वाळलेलं नाही, पावसाळ्यात फुगेल, म्हणे. दुसरीत गाठ निघाली. तिसरीचं पॉलिश आतला दोष झाकायला मारलेलं होतं. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "शेठ, बंदूक घेऊन राहिले का दरवाजा?"

चौथी घेतली. आजवर तिची कसलीही तक्रार नाही, हे कबूल करायला हवं.

*

कुहीचा मोरेश्वर धानाचा शेतकरी. शेतातली पाखरं हाकून हाकून त्याला अशी सवय लागलेली की नेम धरला की आधी तोंडातून "हाऽऽ हूऽऽ" निघायचं, मग गोळी.

"कागदाले काहून भेवाडतं गा?" काका म्हणाले. "तो काही उडून नाही जात."

एकदा तर कमालच झाली. त्याने आरोळी ठोकली, घोडा दाबला, आणि बार ऐकून मी सुद्धा खूश होऊन हात वर केला. गोळी सुटलीच नव्हती. काडतूस फुसकं निघालेलं, काठावर पिनचा बारीक खड्डा तेवढा पडलेला. बार झाला होता तो शेजारच्या नेमबाजाच्या पट्ट्यात. कानांवर आवाज अडवणारे ते मोठे मफ असले की शेजारचा बारही आपलाच वाटतो. मोरेश्वर महिनाभर तो बार आपलाच असल्याचं सांगत फिरला.

*

एका दुपारी रामटेके काका माझ्या दुकानात आले. नेम चुकतोय, नंबर वाढला असेल, तपास म्हणाले. मी तपासलं. त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचली आणि खालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डोळे ठणठणीत. थरथरत होता तो उजवा हात, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"तरी बी काही नंबर निघत असन तर पाय ना गा," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. आमच्या क्लबचा नियमच तसा आहे: लागोपाठ तीन रविवार शंभरपैकी सत्तरच्या खाली गेलं की वर्षभर बाकावर बसून इतरांचे गुण लिहायचे. बाकावर गेलेला माणूस परत पट्ट्यात आलेला मी तरी पाहिला नाही. काकांचे दोन रविवार झाले होते. पिस्तूल एका हाताने धरतात, रायफलीला दोन हात आणि खांदा मिळतो. मीटिंगमध्ये त्यांनी तीच गोळी चालणारी रायफल का मागितली, हे मला तेव्हा कळलं. डबा तोच राहणार होता, पिस्तूल सुटल्याचं कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

*

तिसरा रविवार. पाच नंबरच्या पट्ट्यात काका रायफल घेऊन सतरंजीवर आडवे झाले. शेजारी सहा नंबरला रामटेके काकू पिस्तूल घेऊन उभ्या. आधी त्या फक्त पोह्यांचा डबा घेऊन यायच्या, मग रिकामं बसवेना म्हणून शिकल्या आणि आता आम्हा सगळ्यांच्या पुढे आहेत. त्यांचा नेम कागदाबाहेर गेलेला कुणी पाहिलेला नाही. मी एकाच डब्यातून दोघांना दहा-दहा काडतुसं मोजून दिली.

नेमबाजी संपली. काकांच्या कागदावर दहा भोकं, गुण एकाहत्तर. नऊ भोकं कागदभर विखुरलेली, आणि एक अगदी मधोमध, काळ्या ठिपक्याच्या पोटात. बिपिनभाईंनी काकांना उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मोरेश्वरने आरोळी ठोकली, या वेळी कुणी त्याला गप्प केलं नाही.

काकूंच्या कागदावर नऊच भोकं होती.

"आज हुकली वं तू," काका खुशीत म्हणाले. काकू हसल्या आणि पोहे वाढायला बसल्या.

सतरंज्या गुंडाळायचं काम माझं. पाच नंबरची सतरंजी उचलली तर खालून एक काडतूस घरंगळत आलं. भरलेलं. काठावर पिनचा बारीक खड्डा.

मी काकांकडे पाहिलं. ते थरथरत्या हाताने पोहे खात होते आणि बिपिनभाईंना रायफल कशी धरायची ते शिकवत होते. मी काकूंजवळ गेलो आणि तळहात उघडला.

काकूंनी काडतूस पाहिलं. माझ्या पोह्यांवर आणखी एक पळी तर्री ओतली.

"एकाच डब्यातल्या आहेत ना जी सगळ्या?" त्या म्हणाल्या. "मंग कोणतं भोक कोणाचं, ते भोकालेच इचारा."