दहा कवा हुणार?

काल उचगावातल्या लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीवरून जाताना तापलेल्या वाळूचा वास आला आणि मला वीसेक वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर क्लास आठवला.

एक ते दहा आकडे छापायचा माझा पहिलाच प्रोग्राम होता. आकडा दहापेक्षा मोठा होत नाही तोवर छापत राहा, अशी अट मी घातली होती. पण पडद्यावर एकाखाली एक नुसता 'एक' हाच आकडा उमटत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. सर शेजारच्या बॅचकडे गेले होते. तेवढ्यात फाउंड्रीतून सुटलेले बाबा मला न्यायला आले. कपड्यांना तोच जळका वास, हातांवर काजळी. मैत्रिणी बघत होत्या. मला लाज वाटली.

बाबा माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "काय करतंय गं हे?"

"दहापर्यंत मोजायचंय. थांबतच न्हाय."

सातवी शिकलेले बाबा जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आगं, आकडा पुढं सरकतच न्हाय की. मग दहा कवा हुणार?"

प्रत्येक फेरीत एक मिळवायचं मी विसरले होते. ती ओळ घातली आणि आकडे बरोबर दहावर थांबले. परत आलेल्या सरांनी दिलेली शाबासकी मी एकटीनंच घेतली. बाबा दारात हसत उभे होते.

आता मी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते. लूपचा, म्हणजे अशा फेऱ्यांचा, तास आला की पोरांना आधी सांगते, "हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. ते फाउंड्रीत साचे भरायचे."