नाथाजी हवालदारांची ताऱ्यांची भरती

टेकवाडीत कुणाचं वय किती, हे सांगणारे दोनच आधार आहेत. एक शाळेचं रजिस्टर आणि दुसरे नाथाजी हवालदार. त्यातलं रजिस्टर खोटं सांगतं.

रजिस्टरचा तसा दोष नाही. खंडाळा तालुक्यातल्या ह्या गावात जुन्या काळी बाप पोराला खांद्यावर टाकून शाळेत आणायचा, आणि गुरुजींनी जन्मतारीख विचारली की "आंबा लय आला हुता त्या साली झालंय" असं सांगून मोकळा व्हायचा. गुरुजी पोराकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघत आणि 'एक जून' लिहून टाकत. साल काय ते त्याच्या उंचीवरून. त्यामुळे पन्नाशीपुढचं सगळं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. त्या दिवशी टेकवाडीत कुणी कुणाला शुभेच्छा देत नाही. द्यायला जावं तर समोरचाही त्याच कामाला घराबाहेर पडलेला असतो.

नाथाजींनी फौजेतली शेवटची नऊ वर्षं भरतीच्या मैदानावर काढली. धावणं, उंची, छाती ही कामं इतरांची. नाथाजींकडे एकच काम होतं. वय चोरून आलेला गडी रांगेतून बाहेर काढायचा. दाखल्यावर सतरा आणि टाचांना चोवीस, असा उमेदवार त्यांना वीस पावलांवरून कळायचा. "कागुद खोटं बोलतुया, टाच बोलत न्हाई," असं म्हणून ते त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि तो गडी बिचारा न भांडता चपला शोधायला लागे.

निवृत्तीनंतर ही विद्या पडून होती. घरातल्या म्हशीचं वय सांगण्यापलीकडे तिचा उपयोग उरला नव्हता. तो उपयोग नात साक्षीमुळे निघाला.

साक्षी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात एम.एस्सी. करते. तिचा प्रोजेक्ट नवे जन्मलेले तारे शोधण्याचा. दिवाळीच्या सुट्टीत तिनं तो आजीला, म्हणजे राहीबाईंना, चुलीपुढे बसून समजावला.

"आज्जी, निखाऱ्यावर राख ओढलीस की निखारा दिसतो का?"

"न्हाई."

"मग आत इस्तू हाय का न्हाई ते कसं कळतं?"

"वर हात धरायचा. ऊब लागती."

"आगदी तसंच. आभाळात एक लय मोठा ढग हाय, धुळीचा आन् वायूचा. त्यात तारं जन्माला येत्यात, पर धुळीमुळं दिसत न्हाईत. इन्फ्रारेड म्हंजी ऊब बघनारा डोळा. त्या डोळ्यानं सगळ्या आभाळाची पाहणी केलेली हाय. त्यातनं मी तरनं तारं येचून काढलं. चारशे बारा."

राहीबाईंनी हातातली फुंकणी खाली ठेवली. "एका ढगात चारशे बारा बाळंतपणं? आन् बघाय कोन हाय गं त्यास्नी?"

"कुनी न्हाई."

"केवढाली हायत लेकरं?"

"दहा लाख वर्सांच्या आतली."

राहीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नाथाजींचा चेहरा मात्र गंभीर होता. दहा लाख वर्षांचं तान्हं पोर म्हणजे दाखल्यात काहीतरी गडबड आहे, एवढं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

सुट्टी संपली तेव्हा शेंगांचं पोतं घेऊन नाथाजी स्वतः नातीला पोचवायला सांगलीला गेले. पोतं तिच्या सरांच्या खोलीत ठेवलं आणि स्टुलावर बसले. चिंतामण सर म्हणजे हळू बोलणारे, रुमालाची चौपदरी घडी घालून त्यानंच चष्मा पुसणारे गृहस्थ. त्या दिवशी ते चष्मा जरा जास्तच पुसत होते.

"साक्षी, तुझ्या यादीत म्हातारे शिरलेत," सर म्हणाले.

नाथाजी स्टुलावर ताठ झाले.

"म्हातारे? जवानांत?"

"हो ना, काका. काही तारे म्हातारपणी फुगतात, अंगातून धूळ सोडतात आणि तीच पांघरून बसतात. इन्फ्रारेडमधून पाहिलं की अगदी तरुण ताऱ्यासारखे दिसतात."

"म्हंजी वय चोरत्यात."

"चोरतात असं नाही म्हणता येणार. ती नैसर्गिक प्रक्रिया..."

"सर, अंगाला धूळ फासून तरन्या पोरांच्या रांगंत हुबा ऱ्हायला, म्हंजी चोरीच की वो."

सरांनी पुढची अडचण सांगितली. कॉम्प्युटरनं गाळून गाळून साठ तारे उरले होते. ते साठही कॉम्प्युटरला सारखेच दिसत होते. दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरावरची मोठी दुर्बीण एक रात्र मिळण्याची शक्यता होती. तिनं ताऱ्याचा प्रकाश फोडून पाहिला की तरणा की म्हातारा, ते पक्कं कळतं. पण एका रात्रीत वीसच तारे बसणार. अर्ज सोमवारी दुपारी बारापर्यंत. "आणि विसातले निम्मे म्हातारे निघाले," सर म्हणाले, "तर सांगलीच्या ह्या लहानशा कॉलेजला पुन्हा कोण रात्र देणार? साक्षीचं दोन वर्षांचं काम 'असावेत बहुधा' एवढ्यावर राहील."

साक्षी नखानं टेबलाची कड खरवडत राहिली. वातावरण हलकं करावं म्हणून सर हसून म्हणाले, "आता तुम्हीच निवडा, हवालदार."

इथं सरांचं चुकलं. सांगलीच्या माणसानं हसून म्हटलेलं वाक्य खंडाळ्याच्या फौजी माणसाला हुकमासारखं लागू होतं. नाथाजी उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "व्हय सर. ह्या इसात एक जरी म्हातारा निगाला, तर ही मिशी उतरवीन."

ती मिशी पन्नास वर्षांची होती. गावात नाथाजी कोपऱ्यावरून वळायच्या आधी ती वळायची. सरांना तिची किंमत ठाऊक नव्हती, म्हणून ते पुन्हा हसले. साक्षीला ठाऊक होती. ती हसली नाही. तशीच उलट पावली आजोबांबरोबर गावी परतली.

रविवारी सकाळी टेकवाडीत ताऱ्यांची भरती झाली.

खळं शेणानं सारवलेलं होतं. नाथाजींनी त्यावर पांढऱ्या फक्कीनं रेघा मारल्या. साक्षीच्या हातात आभाळाचा नकाशा. घरातून साठ कांदे आले. मोठा तारा, म्हणजे जास्त झळकणारा, त्याला मोठा कांदा. बारक्याला बारका. प्रत्येकावर स्केच पेननं नंबर. नाथाजींचे जोडीदार कोंडीबा हातात टेप घेऊन नकाशाप्रमाणे कांदे मांडायला लागले.

"नाथा, ह्यो एकशे चार कुटं?"

"बांधाकडं दोन फूट सरकीव. ढगाच्या भाईर हाय त्यो."

"लय लांब गेला की गड्या."

"पळालेला दिसतोय."

मांडणी झाली. कमरेवर हात ठेवून नाथाजी मैदानाभोवती फिरले. एक फेरी, दुसरी फेरी. साक्षी कागद धरून मागं मागं.

"साक्षे, हितं बग. ही बारकी पोरं अंगाला अंग लावून एका कोपऱ्यात जमल्याती. ही खरी तरनी. भरतीला तरनं पोरगं एकटं येत न्हाई. गावची सात-आठ जनं मिळून येत्यात आन् एकमेकाच्या आडूशाला हुबी ऱ्हात्यात. आन् ह्यो बग, एकटाच, मैदानाच्या मदी, एवढा थोरला, झकपक. ह्येला कशाची भीती न्हाई. हा तीनदा भरती देऊन गेलेला हाय."

साक्षीनं कागद पाहिला. मग पुन्हा पाहिला. "आबा, ह्येच पुस्तकात हाय. तरनं तारं घोळक्यानं असत्यात. म्हातारं समद्या आभाळात इकडं तिकडं पांगलेलं आन् लय झळकतं."

"पुस्तक कुनी लिवलं? भरतीवरचाच असंल."

एकशे चार गेला. दोनशे दहा गेला. कोंडीबा बाद कांदे पाटीत टाकत होते. मग साक्षीनं दुसरा कागद काढला. कुठला तारा कधी उजळला, कधी मंदावला, त्याची नोंद.

"ह्यो तीनशे नव्वद बरोबर दीड वर्सानं कमी हुतो आन् परत वाढतो. दर खेपेला तेवढंच दिवस."

"काढ त्येला."

"का वो आबा?"

"तरनं पोर कवा रडंल न्येम नसतो. म्हातारं ठरल्या वक्ताला खोकतं."

साक्षीनं तोंडावर हात ठेवला. हेही पुस्तकात होतं, फक्त तिथं ते साडेतीन पानं घेऊन लिहिलं होतं.

दुपारपर्यंत एकोणीस कांदे पास झाले. तेवढ्यात कोंडीबा ओरडले, "आरं, अठरा हायत! एकतीस नंबर कुटं गेला?"

"पिठल्यात घातला," आतून राहीबाई म्हणाल्या. "मला काय म्हाईत त्यो पास झालाय!"

एकतीसच्या जागी दुसरा कांदा उभा राहिला. आता विसावी जागा. रांगेत तीनच जण उरले होते, आणि त्यातला एक दोनशे सत्त्याऐंशी नंबर.

नाथाजी त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि उठेचनात. हा कांदा घोळक्याच्या कडेला होता. धड आत नाही, धड बाहेर नाही. पोरांपेक्षा अंगानं जरा जास्त. खोकतो की रडतो, हे सांगायला नोंदी पुरेशा नव्हत्या.

"काय वाटतंय, आबा?" साक्षीनं विचारलं.

नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला. "घे त्येला."

"नक्की?"

"घे म्हनलं न्हवं."

कांदा उचलताना त्यांनी कोंडीबांकडे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी वीस नंबर अर्जात भरायचे होते. नाथाजींना फौजेच्या ऑफिसातलं टाइपिंग येत होतं, दोन बोटांनी पण बिनचूक. नंबर त्यांनीच टाइप केले. साक्षी आंघोळीला गेली होती. दुसऱ्या पानावर शेवटचा रकाना मोकळा दिसला. रकान्यांची नावं पहिल्या पानावर राहिलेली. मोकळा रकाना पाहून नाथाजी अस्वस्थ झाले. अख्ख्या अर्जात जन्मतारीख कुठंच नव्हती, आणि जन्मतारखेशिवाय अर्ज जातो कसा? त्यांनी विसाही ताऱ्यांपुढे एक जून लिहिलं.

साक्षी ओल्या केसांनीच आली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर येतं. लॅपटॉप पाठीला लावून ती शिडी चढली, दोन काड्या दिसताच अर्ज पाठवला आणि एक प्रत सरांना.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

"साक्षी, शेवटच्या रकान्यात एक जून कुणी लिहिलं? तिथं आपल्याला दुर्बीण कुठल्या रात्री हवी ते लिहायचं होतं. मी पंचांग, नकाशे सगळं काढून बसलो होतो गं."

साक्षी आजोबांकडे वळली. नाथाजी म्हणाले, "मग त्यांची तारीख काय लिवायची? तितं गुरुजी हुतं का कोन?"

ती रात्री जेवली नाही. नाथाजींनीही अर्धी भाकरी ठेवली. मैदानावर दहा हजार पोरं तपासून कधी चूक झाली नव्हती, आणि घरच्याच पोरीचा अर्ज खराब केला, हे त्यांना खात राहिलं.

तीन आठवड्यांनी दुर्बिणीच्या कमिटीचं पत्र आलं. बाकी सगळ्यांनी जुलैच्या रात्री मागितल्या होत्या आणि त्यांच्यात मारामारी चालली होती. एक जून कुणालाच नको होता. विसाच्या वीस ताऱ्यांसाठी एकच रात्र इतक्या ठामपणे मागणारा अर्ज त्यांनी प्रथमच पाहिला होता. मंजूर.

एक जूनला टेकवाडीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस होता. त्या रात्री तिकडे त्यांचे वीस तारे दुर्बिणीपुढे एकेक करून उभे राहिले.

निकाल घेऊन चिंतामण सर स्वतः एसटीनं शिरवळला उतरले आणि तिथून रिक्षानं टेकवाडीत आले. अंगणातच म्हणाले, "विसातले एकोणीस तरुण! हवालदार, असं प्रमाण मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. कमिटीनं पुढच्या वर्षीही रात्र द्यायचं कळवलंय."

साक्षी नाचायचीच बाकी राहिली. मग तिचा चेहरा उतरला. "आन् विसावा?"

"म्हातारा आहे. पण त्याचं काय एवढं."

"दोनशे सत्त्याऐंशी का?" नाथाजींनी विचारलं.

सरांनी कागद पाहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

नाथाजी खळ्याकडे बघत म्हणाले, "मला तवाच ठावं हुतं. सर, मी भरतीला गेलो तवा दाखल्यावर अठराचा हुतो. खरा बाविसाचा. गावच्या बारक्या पोरांच्या कडंला असाच हुबा हुतो, धड आत न्हाई का भाईर न्हाई. मोजनाऱ्या हवालदारानं माझ्या टाचांकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन् फुडं ढकाललं. त्येनं ढकाललं नसतं तर हे घर न्हाई, ही पोरगी न्हाई. म्हनून म्या एकाला सोडला. आजवर पयलाच."

राहीबाई दारातून म्हणाल्या, "आवं, म्हंजी तुमी माझ्यापेक्षा दोन वर्सानं न्हाई, सा वर्सानं थोरलं?"



सर घसा खाकरून म्हणाले, "त्याला यादीतून काढावं लागेल."

"भरती झालेल्याला काढायचा न्हाई, सर. खाली बारक्या अक्षरात लिवा की म्हातारा हाय म्हनून. पर यादीत ऱ्हाऊ द्या."

सरांनी चष्मा पुसला आणि तसं करायचं कबूल केलं.

मग नाथाजी उठले आणि साक्षीनं हात धरला तरी न थांबता ज्योतिबा न्हाव्याकडे गेले. ज्योतिबानं वस्तरा तीनदा खाली ठेवला. चौथ्यांदा नाथाजींनी "उडीव" असा हुकूम सोडला.

परत आले तेव्हा राहीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, डोक्यावरचा पदर सावरला आणि साक्षीला हाक मारली, "साक्षे, कोन पावनं आल्यात बग गं. च्या टाक."

"आज्जी, आबा हायत ते!"

राहीबाईंनी सूप बाजूला ठेवलं, जवळ आल्या आणि नवऱ्याच्या उघड्या ओठाकडे निरखून पाहायला लागल्या. ओसरीवर बसलेले कोंडीबा आधी बोलले.

"नाथा, दहा वर्सांनी तरना दिसतुयास की रं!"

नाथाजींनी ओठावर हात ठेवला. तिथं धरायला काही नव्हतं. "कोंडीबा," ते म्हणाले, "ह्ये भाईर कुटं बोलू नगंस."