मास्तरांच्या गाण्यातली उडी

कडा गावचा हरिबा वाजंत्री हसरा माणूस होता, आणि नेमकं हेच त्याच्या बापाला कधी खपलं नाही. सनई तोंडात असताना हसू आलं की फुंक फुटते. बापानं त्याला बाभळीच्या फोकानं शिकवलं आणि दोन गोष्टी मनात पक्क्या ठोकल्या. सूर चुकला की देव उठून जातो, ही एक. आपल्या घराण्याच्या नऊ चाली आपल्याच घरच्या बोटांनी वाजवायच्या, ही दुसरी. पहिली हरिबानं पन्नाशीपर्यंत जिवापाड पाळली. दुसरीची पंचाईत होती. त्याला तीन मुलीच, आणि तिघीही सासरी नांदत होत्या.

सोबतीला खाजामियाँ होता, वयानं बारा वर्षांनी लहान. हरिबा चाल वाजवी तेव्हा शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. लग्न असो, उरूस असो, देवळातली पहाट असो. बावीस वर्षं खाजामियाँ गाल फुगवून तोच एक सूर धरीत आला होता.

निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे पस्तीस म्हणजे इसवी एकोणीसशे पंचवीस सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. कड्यापासून कोसभरावर ख्रिस्ती वस्ती होती, तिथं शाळा चालवणारे शमुवेल मास्तर वारल्याला महिना झाला. वस्तीनं त्यांच्या आठवणीची उपासना ठेवली. नगरहून पाळकसाहेब येणार होते. हरिबाला कुणी बोलावलं नव्हतं, पण न जाऊन चालणार नव्हतं. पुण्याकडं दिलेल्या लेकीची, वत्सलाची, कार्डं मास्तरच वाचून दाखवत आणि उत्तरंही तेच लिहीत. खाजामियाँ आणि त्याची बायको अजमतबी यांची दोन्ही पोरं त्यांच्याकडंच बाराखडी शिकली होती. दोघं सकाळीच निघाले, आपापल्या सनया घेऊन.

"सनई कावून घेतली?" हरिबाच्या बायकोनं, छबुबाईनं, विचारलं. "मयताच्या कार्यात लग्नातलं वाजिवणार व्हय?"

"वाजिवतो कुठं? काखेत नसली की हात लटकल्यावानी होतोय मला."

वस्तीवर पोचले तर तिथं वेगळीच धांदल. पाळकसाहेबांची बैलगाडी सीना नदी ओलांडताना कलली होती आणि त्यांची बाजाची पेटी पाण्यात पडली होती. पाळकसाहेब शाळेच्या ओट्यावर बसून एकेक पट्टी दाबून पाहत होते. पेटीतून सुराऐवजी बुडबुड आवाज येई आणि भात्यातून पाण्याची धार लागे.

"आता गाण्याचं कसं करायचं?" ते हताश होऊन म्हणाले.

मास्तरांची बायको भिवराबाई दारात उभी होती. तिनं हरिबाची काख पाहिली. "ते काय, हरिबादादा हाय की. ह्यांना लई आवडायची त्यांची सनई."

हरिबाचे कान लाल झाले. मास्तरांचं आवडतं गीत मेंढपाळाचं होतं. कळपाला हिरव्या कुरणात आणि गार पाण्यावर नेणारा मेंढपाळ. पाळकसाहेबांनी चाल एकदा गुणगुणली. हरिबानं एकदाच ऐकली आणि मान हलवली. सोपी होती. "मेंढपाळा" या शब्दावर सूर हळूच खाली उतरायचा, तेवढीच काय ती नजाकत.

उपासना सुरू झाली. साठेक माणसं जमली होती. प्रार्थना झाली, मग गीत. हरिबानं फुंक घातली, खाजामियाँनं सूर धरला, माणसं गाऊ लागली. "मेंढपाळा" आला. हरिबाची सनई हळूच उतरली, आणि त्याच क्षणी साठ माणसांचे गळे टुणकन वर उडाले, शेळीचं करडू बांधावर उडतं तसे.

हरिबाला वाटलं, आपलंच चुकलं. पाळकसाहेबांनी हात वर केला. "पुन्हा एकदा. तिथं खाली यायचं, बरं का."

पुन्हा तेच. सनई खाली, वस्ती वर.

खाजामियाँ कानाशी लागला. "दादा, मास्तर असंच गात व्हते. माजी पोरंबी घरी अशीच उडत्यात."

हरिबाच्या डोक्यात आता उजेड पडला. शमुवेल मास्तरांना सुराचा गंधही नव्हता. तीस वर्षं त्यांनी ते गीत चुकीचं शिकवलं आणि सगळी वस्ती, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, ते चुकीचंच शिकली. तिसऱ्या खेपेला पाळकसाहेब सर्वांच्या वर आवाज काढून गाऊ लागले. "मेंढपाळा" आला, आणि साठ जणांच्या रेट्यात पाळकसाहेबच टुणकन उडाले.

हरिबाला हसू आवरेना. सनईतून डुकराच्या पिल्लासारखी किंकाळी निघाली. खाजामियाँनं सूर सोडला नाही, पण फुगलेल्या गालांवरून त्याच्या डोळ्यांचं पाणी ओघळत होतं. पुढं बसलेल्या भिवराबाईनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे गदगदू लागले. बायका तिला सावरायला धावल्या. "असं करू नगा, बाई. ते देवाघरी सुखात हायती."

भिवराबाईचा पदर खाली आला. ती हसत होती. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत हसत होती.

"माणूस गेला," ती कशीबशी म्हणाली, "पर त्याची उडी काय गेली न्हाई! मी तीस वरसं सांगत व्हते, अवो, खाली या, खाली या!"

मग कुणालाच धरवलं नाही. आधी पोरं, मग बायका, मग भिंतीशी टेकलेले म्हातारे, आणि शेवटी पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत हसू लागले. जरा दम पडल्यावर ते हरिबाला म्हणाले, "मास्तरांच्या चालीनं वाजवा."

बापाचा फोक हरिबाला आठवला. पण त्यानं डोळे मिटले आणि "मेंढपाळा"वर अशी उडी घेतली की कौलांवरची कबुतरं उडाली. वस्ती गाऊ लागली. भिवराबाई गात होती, तिच्या गालावर पाणी होतं, आणि ते आता नुसतं हसण्याचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर दोघं ज्वारीच्या मधून चालले होते. मध्येच एकाला आठवण येई, तो फिस्सकन हसे, की दुसराही वाकून गुडघे धरी.

"खाजा," हरिबा दम घेत म्हणाला, "माजा बा म्हणायचा, सूर चुकला की देव उठून जातोय. आज तर समदंच चुकलं. देव आला असंल का रं तितं?"

"आला असंल की. मागच्या रांगेला बसून हासला असंल."

हरिबा थांबला. त्याला ते एकदम खरं वाटलं, आणि खरं वाटल्याबरोबर अंगातून कसलं तरी ओझं निसटल्यासारखं झालं. उभा जन्म तो देवाला धरून ठेवायला वाजवत आला होता, हात सुटला तर तो जाईल या भीतीनं. पलीकडं मास्तर चुकत राहिले, आणि देव गेला नाही, माणसंही गेली नाहीत.

"बेसुरा मास्तर साठ गळ्यांत ऱ्हायला," तो म्हणाला, "आन् सुरातला हरिबा ह्या एका नळीत! माज्यामागं ही खुंटीला लटकंल. उंदरं घर करतील हिच्यात." एवढं बोलून तो पुन्हा खो खो हसला, आणि सनई पुढं केली. "घे. वाजीव."

खाजामियाँ दोन पावलं मागं सरला. "न्हाई दादा. तुमच्या वडलांची आण हाय."

"त्यांना मी वर गेल्यावर सांगंन. घे बे!"

खाजामियाँनं हात लुंगीला पुसले, सनई घेतली. पहिली फुंक फाटली. दुसरीला पहाटेची चाल सुरू झाली, अडखळत, पण एकही वळण न चुकवता. मग हळदीची. मग वरातीची. हरिबा तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

"कुठं शिकलतास रं?"

खाजामियाँ खाली मान घालून म्हणाला, "पपईच्या देठाची पिपाणी केली हाय. शेतात वाजिवतो. अजमतबीला ठावं हाय. आन् म्हशीला."

हरिबानं डोक्याचं मुंडासं काढून हवेत भिरकावलं आणि भर वाटेत नाचू लागला. ज्वारीत निंदणाऱ्या दोन बाया उठून उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

घरी आल्यावर छबुबाईनं सगळं ऐकलं. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं. तुमाला दम लागतोय हल्ली. म्या कधीचं सांगणार व्हते."

त्या हिवाळ्यात हरिबाच्या अंगणात पिपाण्यांचा असा कल्ला माजला की शेजाऱ्यांनी तक्रार केली. ज्याला शिकायचं त्यानं यावं, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. वस्तीवरचे दोन गडी येत, परटाचा सटवा येई, एकदा तर देवळातला पुजारीही बसून गेला. हरिबा कुणालाच मारत नसे. फार चुकलं तर आडवा पडून हसे.

माघात पाटोद्याला एका लग्नात दोघांनी पहिल्यांदा अदलाबदल केली. खाजामियाँ चाल वाजवायला बसला आणि हरिबानं शेजारी सूर धरला. घटकाभरात हरिबाचे गाल दुखले, डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"बावीस वरसं हे कसं केलंस बाबा?" त्यानं मधल्या विसाव्यात विचारलं.

"तुमचं ऐकत बसायचो, दादा. दुखल्यालं कळायचं न्हाई."

वरात निघाली. गुलाल उडाला. बायांच्या घोळक्यात छबुबाई टाचा उंचावून पाहत होती, आणि शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून सांगत होती, "त्यो चाल वाजिवतोय, त्यो न्हवं. बाजूला गाल फुगवून बसलाय ना, त्यो माजा मालक."