गरम पिठावरची जाहिरात

पहाटेचे साडेपाच वाजले होते. अकोल्याच्या जुन्या बसस्टँडजवळ फूटपाथवर आमच्या पेपरचे गठ्ठे पडलेले, आणि एकही हॉकर त्यांना हात लावत नव्हता.

"गजाननभाऊ, काय झालं?" मी विचारलं.

गजाननभाऊ तिथले मोठे एजंट. चाळीसेक हॉकर त्यांच्या हाताखाली. ते माझ्याकडे न बघता मोठ्या दैनिकाचे अंक दुमडत राहिले.

"मॅडम, राग नोका येऊ देऊ. मले नाही जमत आता. काल आमची मिटिंग घेतली या दैनिकवाल्यायनं. जो हॉकर तुमचा पेपर टाकन, त्याची लाइन दुसऱ्याले देतो म्हणे."

लाइन म्हणजे हॉकरची ठरलेली घरं. कोणत्या गल्लीत कोणाकडे कोणता पेपर, हे वर्षानुवर्षं बांधलेलं असतं. लाइन गेली की त्या माणसाची सकाळच गेली, आणि सकाळीच त्याची कमाई असते. आमचं साप्ताहिक फुकटचं. हे हॉकर दर शनिवारी ते दैनिकाच्या घडीत घालून घरोघर टाकत. म्हणजे आम्ही दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होतो. ओंजळ त्या दैनिकाची होती, आणि तिनं बोटं उघडली.

तोवर मी सव्वीस वर्षं वितरणात काढली होती. बातमीदार लिहितो, मशीन छापतं आणि पेपर दारात नेतो आम्ही. आमचं नाव कुठे छापून येत नाही, पण पेपर आला नाही की फोन आम्हालाच. पहिली अकरा वर्षं मी त्याच दैनिकाच्या अमरावती ऑफिसात होते. मग तिथल्याच एका वकीलसाहेबांनी 'शेजार' काढला आणि मला बोलावलं. फुकट साप्ताहिक, सगळी मदार जाहिरातींवर. अमरावतीत ते चाललं. अकोल्याची आवृत्ती साहेबांनी माझ्या गळ्यात घातली, आणि तिसऱ्याच अंकाला हे झालं.

मी दैनिकाच्या वितरण मॅनेजरला फोन लावला. काळमेघ त्यांचं नाव. कधीकाळी आम्ही शेजारच्या टेबलांवर बसायचो.

"इंगळे मॅडम! आठवण आली म्हणायची."

"हॉकरांना धमक्या कशाला देता? भांडण असेल तर माझ्याशी करा."

"धमकी कसली? आमची माणसं, आमचा पेपर. त्याच्या पोटात तुमचा कागद आम्ही का वागवायचा?" ते शांतपणे म्हणाले. "आणि एक सांगतो, फुकट पेपर कोणी वाचत नसतं. फुकट ते पौष्टिक, हे खाण्यापुरतं ठीक आहे. परत या आमच्याकडे. टेबल रिकामंच आहे."

मला राग आला. त्यांच्या बोलण्यात थोडं खरं होतं म्हणून जास्तच आला. मी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि ऑटो बोलावला.

त्या शनिवारी मी ऑटोतून हिंडून सोसायट्यांच्या गेटवर गठ्ठे ठेवले. वॉचमनना विनवण्या केल्या. सगळे हो म्हणाले. सोमवारी राठीशेठचा फोन आला. राठीशेठ म्हणजे साड्यांचं मोठं दुकान. शेवटचं पूर्ण पान त्यांचं असायचं, आणि खरं सांगायचं तर अकोला आवृत्ती त्या एका पानावर उभी होती. ते गेलं असतं तर आवृत्ती बंद, आणि तिच्यासाठी घेतलेली सहा माणसं घरी.

"बाई, माझ्या व्याह्याच्या सोसायटीत तुमचा गठ्ठा पाहिला," शेठ म्हणाले. "सुतळीसुद्धा सोडली नाही. वॉचमन त्यावर बसून डबा खाऊन राहिला होता. मी जाहिरात माणसाच्या डोळ्यासाठी देतो."

"शेठजी, तीन शनिवार द्या."

"दिले. चौथ्या शनिवारी मी दुसरीकडे."

अमरावतीहून वकीलसाहेब रोज फोन करून नवी कल्पना सांगायचे. दूधवाल्यांना द्या. भाजीवाल्यांना द्या. कॉलेजच्या गेटवर उभ्या राहा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? दूधवाल्यांना देऊन पाहिला. पेपर ओले होऊन आले. कॉलेजच्या पोरांनी त्याची विमानं केली.

मी तेव्हा माझ्या बहिणीकडे जठारपेठेत राहत होते. एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, रिकामी बसली आहेस तर दयन घेऊन ये." दयन म्हणजे दळण. डबा उचलून मी रशीदभाईंच्या चक्कीवर गेले. माझ्या पुढे आठ डबे होते. थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

तिथे बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कोणाच्याही हातात मोबाइल नव्हता. चक्कीच्या आवाजात फोनवरचं ऐकू येत नाही, आणि उडणारं पीठ मोबाइलमध्ये शिरतं म्हणून जो तो फोन खिशात ठेवतो. एक रिटायर्ड मास्तर भिंतीला चिकटवलेला कुठला तरी जुना पिवळा कागद वाचत होते. दोन बाया त्यांना "काय लिहिलं मास्तर?" म्हणून विचारत होत्या. घरात दहा पेपर येऊन पडले तरी माणूस बघत नाही. इथे वीस मिनिटं रिकामी असलेली माणसं भिंत वाचत होती. मी माझा डबा विसरून रशीदभाईंपाशी गेले.

"पेपर? इथं?" त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "ना बाबा. अर्धे घरी नेतीन, अर्धे इथंच फेकतीन. झाडू मलेच मारा लागते."

"तुमच्या चक्कीची जाहिरात फुकट छापते."

"चक्कीले जाहिरात कायले पायजे? पोटाले पीठ तर सबको लगता है."

"मग काय पाहिजे, ते सांगा."

त्यांनी विचार केला. "लाइटचा टाइम छापा. दुरुस्तीसाठी कोन्या एरियाची लाइट कधी जाते, कोनालेच मालूम नसते. बाया डबे घेऊन येतात, चक्की बंद, अन् शिव्या मले. तेवढं छापलं तर माह्याच चक्कीवर काय, गावातल्या समद्या चक्कीवर ठेवाले सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक तयार होतं. "दर बुधवारी निघतं मॅडम," ते म्हणाले. "नोटीसबोर्डावर लावतो. तो कोण वाचतं?"

रशीदभाईंनी शब्द पाळला. चक्कीच्या दगडांना टाकी लावून धार काढायला जो कारागीर येतो, तो गावभरच्या चक्क्यांवर फिरतो. त्याला विचारून त्यांनी मला साठ चक्क्यांचे पत्ते लिहून दिले. पहिल्या पानावर आम्ही लाइटचं वेळापत्रक छापलं आणि शनिवारी दोन ऑटो भरून पेपर पोचवले. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी प्रत्येक चक्कीवाल्याला स्वतः सांगितलं, "दळण झालं की डब्यात पिठावर एक पेपर ठेवा आणि वरून झाकण लावा. न विसरता घरी जातो." आपल्या अकलेवर मी जाम खूश होते.

चक्कीतून निघालेलं पीठ गरम असतं, हे मला ठाऊक होतं. आमचा पेपर आदल्या दिवशीच छापलेला असतो आणि त्याची शाई पुरती वाळलेली नसते, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकत्र डोक्यात आल्या नाहीत. रविवारी दुपारपासून चक्क्यांवर बाया डबे उघडून दाखवायला लागल्या. पिठाच्या वरच्या थरावर लाल डाग. शेवटच्या पानावर राठीशेठच्या लाल पैठणीचा फोटो होता. तो पिठावर उमटला होता.

काळमेघांनी संधी सोडली नाही. सोमवारी त्यांच्या दैनिकात मोठी बातमी: फुकट साप्ताहिकाची शाई अकोलेकरांच्या पिठात. बातमी खोटी नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर मीही छापली असती.

वकीलसाहेबांचा फोन सकाळी सातलाच आला.

"काहीही कबूल करू नका. पेपर डब्यात ठेवला तो चक्कीवाल्यांनी, आपण नाही. तसा खुलासा छापू."

"साहेब, ठेवायला मी सांगितलं होतं."

"लेखी सांगितलं का?"

"तोंडी. साठ जणांना."

"मग पुरावा नाही."

"पुरावा नाही, पण साठ माणसं आहेत ना. त्यांच्यावर ढकललं तर उद्या एकही चक्कीवाला दारात उभं करणार नाही. आणि का करावं?" माझा आवाज चढला होता. "चूक माझी आहे. पहिल्या पानावर छापते, नाहीतर अकोल्याला दुसरा माणूस पाठवा."

वकिलाला चूक कबूल करायला लावणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. शेवटी साहेब म्हणाले, "छापा. पण थोडक्यात."

थोडक्यातच छापलं. "गेल्या शनिवारी चक्कीवर डब्यात पेपर ठेवायला आम्हीच सांगितलं. ती आमची चूक होती, चक्कीवाल्यांची नाही. ज्यांचं पीठ खराब झालं, त्यांनी रशीदभाईंच्या चक्कीवर यावं, आम्ही तेवढं दळून देऊ. यापुढे पेपर डब्यात ठेवला जाणार नाही, फक्त हातात दिला जाईल." खाली माझं नाव. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव छापून आलं ते असं.

शनिवारी गव्हाची पोती घेऊन मी दिवसभर चक्कीवर बसले. सतरा जणी आल्या. एक काकू पीठ घेऊन गेल्या नाहीत, नुसत्या बघायला आल्या होत्या. "नाव छापलं तं वाटलं, बाई कोन आहे ते पाहून तं यावं," म्हणाल्या, आणि जाताना लाइटच्या वेळापत्रकासाठी पेपर घेऊन गेल्या. एक जण मात्र खूप बोलली. घरी पाहुणे होते, पोळ्या गुलाबी झाल्या, सासूनं काय काय ऐकवलं. मी मान खाली घालून ऐकलं. तिचं काही चुकत नव्हतं.

राठीशेठची मुदत त्याच दिवशी संपत होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या केसांत, भुवयांवर पीठ होतं आणि मनाची तयारी झाली होती.

"बाई, तुम्ही माझं वाटोळं केलं," शेठ म्हणाले. "गावभर बाया म्हणून राहिल्या, राठीच्या साडीचा रंग जातो. पिठात उतरला म्हणे."

"शेठजी, माफ करा. तुमचं पान..."

"ऐकून तर घ्या. त्या म्हणून राहिल्या, पण माझ्या दुकानात येऊन म्हणून राहिल्या. काल एकीनं पैठणीचा पदर पाण्यात बुडवून पाहिला. नाही गेला रंग. मग घेतली तिनं. दहा वर्षं जाहिराती देऊन राहिलो, पण जाहिरात पाहिली म्हणून भांडायला कोणी आलं नव्हतं."

"मग पान चालू ठेवायचं?"

"ठेवा. पण काळ्या-पांढऱ्यात छापा."

आवृत्ती वाचली. सहा माणसं कामावर राहिली. घरी येऊन मी बहिणीपुढे ढसाढसा रडले, आणि मग तिच्याच हातच्या चार पोळ्या खाल्ल्या.

चार महिन्यांनी काळमेघांच्या दैनिकानं स्वतःचं फुकट साप्ताहिक काढलं. एका शनिवारी मी रशीदभाईंकडे गेले तर खिळ्याला दोन गठ्ठे लटकलेले, एक आमचा, एक त्यांचा. मला वाईट वाटलं. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस त्यांचाही पेपर ठेवतो?

"रशीदभाई, हे काय?"

"काय म्हंजे? तुमचा बी पेपर, त्यायचा बी पेपर. लोकायले वाचाले भेटलं तं मले काय तरास?"

"पण आपलं ठरलं होतं ना?"

त्यांनी चक्कीचा पट्टा सरकवला आणि आवाज कमी झाल्यावर म्हणाले, "मॅडम, लोक तुमचाच आधी उचलतात. लाइटचा टाइम बरोबर राहते म्हणून. ज्या हप्त्यात चुकन, त्या हप्त्यात त्यायचा उचलतीन. मी कोना-कोनाचा हात धरू?"

गेल्या वर्षी मी रिटायर झाले, तोपर्यंत दर बुधवारी अकरा वाजता वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन तो कागद मी स्वतः घेतला, कधी फोनवर भागवलं नाही. नव्या माणसांना मी एवढंच सांगते. विकतचा पेपर चुकला तर माणूस शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी परत घेतो, कारण महिना आधीच बांधलेला असतो. फुकटचा चुकला तर तो शिव्याही देत नाही. उचलतच नाही.