मागचे दिवे

दिवाळी सरली, की न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि पहाटे शिवारावर धुकं उतरतं. मग सुलक्षणाला गाडीकडे बघावंच लागतं. तिच्या जुन्या व्हॅनमधून सहा बायका कारेगावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जातात.

रविवारी दुपारी तिनं व्हॅन अंगणात घेतली. बॅटरीच्या टोकांवर चढलेलं पांढरं गरम पाण्यानं धुतलं, वर व्हॅसलीन लावलं. वायपरला नवी रबरं बसवली. पुढच्या दिव्यांवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवला. काचेवर ओली तंबाखू चोळत होती, तेव्हा तिच्याच गाडीतून जाणारी शेजारची सारिका भिंतीवरून म्हणाली, "वैनी, गाडीलाबी नाद लावला व्हय?"

सुलक्षणा हसली. तंबाखू चोळली की काचेवर दव ठरत नाही, हे दत्तानंच तिला कधीतरी सहज सांगितलं होतं.

गाडीच्या मागच्या बाजूला मात्र ती अजून गेली नव्हती.

दत्ता तिचा नवरा. गाडी त्याचीच. दोन हिवाळ्यांमागं धुक्यात एक टेम्पो मागून येऊन धडकला आणि दत्ता गेला. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसलाच नाही, एवढंच तो टेम्पोवाला सांगत राहिला. पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी बघायला सुलक्षणा एकटी गेली होती. मागचा एक दिवा फुटला होता. दुसऱ्यावर खंडेनवमीच्या पूजेचा हात तसाच उमटलेला, तेलात कालवलेल्या शेंदराची पाच बोटं आणि त्यावर रस्त्याची धूळ. पूजा दरवर्षी सासूबाई, सोजराबाई, करायच्या. देवाचं लावलेलं पुसायचं नाही, जाईल तेव्हा आपसूक जाईल, अशी घरची रीत. सुलक्षणानं तो दिवा पदरानं पुसून काढला आणि घरी येऊन त्यातलं अक्षर बोलली नाही. त्यानंतर ती गाडी चालवायला शिकली.

पहिलं वर्ष दुखवट्याचं, तेव्हा पूजा झाली नाही. यंदा सोजराबाईंनी पुन्हा ताट काढलं आणि मागच्या दोन्ही दिव्यांवर हात उमटवले. आता पुसावं, तर म्हातारी विचारणार, का पुसलं? त्याचं उत्तर एका आईला कसं द्यायचं? आणि न पुसावं, तर त्या सहा जणी.

शेवटी साबणाच्या पाण्यात फडकं पिळून ती मागं गेली. तिथं सोजराबाई आधीच उकिडव्या बसलेल्या. हातात घासणी, शेजारी गरम पाण्याचा तांब्या. एक दिवा लख्ख लाल झाला होता.

"आत्या, राहू द्या. मी करते."

"लावलं म्या. पुसनार बी मीच." त्या घासत राहिल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तवा तुझं पातळ म्या धुतलं व्हतं, सुले. पदराला शेंदूर व्हता."

सुलक्षणा मातीतच टेकली. तिनं विचारलं, मग यंदा पुन्हा कशाला लावलंत?

"सवयीनं हात गेला. लावल्याव ध्यानात आलं. तवापस्नं रोज बघती, कवा पुसती तू. न्हाई पुसलंस. माझ्यापायी." त्यांनी दुसरा दिवा कोरडा केला. "ऊठ. गाडीत बस आन् ब्रेक दाब."

सुलक्षणानं आत बसून ब्रेक दाबला. आरशात म्हातारी एकेक पाऊल मागं सरत होती. फाटकापाशी थांबून तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला.

"दिसतंय," सोजराबाई म्हणाल्या, आणि तिथून आणखी मागं, पार रस्त्यापलीकडच्या लिंबापर्यंत चालत गेल्या.

सुलक्षणानं पाय उचलला नाही.