सोळा नंबरचा बॉक्स

तीन वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका गुरुवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी माझ्या गाइडना एक वाक्य सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी माझी रूममेट मृणाल पीएचडी अर्धवट सोडून नागपूरला परत गेली. या दोन गोष्टींचा काय संबंध आहे, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते मला नीट माहीत नाही.

पीएचडीला येण्याआधी सहा वर्षं मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. कुणी, कुठे, कधी — आणि कशावरून. शेवटचा प्रश्न आमचा मुख्य उपसंपादक दिवसातून दहा वेळा विचारायचा. तीच सवय घेऊन मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, इतिहासात पीएचडी करायला आले. मृणाल माझ्या एक वर्ष आधी आली होती. आमचे गाइड एकच, आणि विषयही जवळजवळ एकच. पहिल्या महायुद्धाच्या आधी रशियाची रेल्वे इराणमधून पुढे आणून हिंदुस्थानच्या रेल्वेला जोडायची योजना होती. समित्या बसल्या, पाहण्या झाल्या, लंडन-पॅरिसचे बँकवाले जमले. रेल्वे झाली नाही. त्यामागची मुत्सद्देगिरी मी बघत होते, आणि भांडवल कोण उभं करणार होतं, कुणाच्या शब्दावर, ते मृणाल.

रविवारी आम्ही शैलाकाकूंकडे जेवायला जायचो. त्या गावात तीस वर्षं राहिलेल्या. पोळी वाढताना म्हणायच्या, "अगं, जी गाडी सुटलीच नाही तिच्यात तुम्ही दोघी चढलात कशा?" मृणाल म्हणायची, "काकू, विदाउट तिकीट." मग माझ्याकडे वळून, "हिचे साहेब लोक तर काय, हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत. तत्त्वतः हरकत नाही म्हणतात. आमच्याकडे मुलगी नाकारताना असंच बोलतात यार."

मला ती बातमीदार म्हणायची. मी कधीच बातमीदार नव्हते, डेस्कवर होते. मी दरवेळी ते दुरुस्त करायचे.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, आम्ही बसने न्यूयॉर्कला गेलो. तिथल्या एका ग्रंथालयात त्या काळातल्या एका बँकरची कागदपत्रं बॉक्समध्ये ठेवलेली आहेत. वाचनखोलीत वाचत बसायला वेळ नसतो. फोनने फोटो काढायचे आणि घरी येऊन वाचायचे. फक्त प्रत्येक कागदाशेजारी बॉक्स आणि फोल्डरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, म्हणजे कागद कुठला ते फोटोतच दिसतं. सगळ्या चिठ्ठ्या मृणालने बसमध्ये लिहून ठेवल्या होत्या. तिचं अक्षर सुरेख होतं. चौदा आणि पंधरा नंबरचे बॉक्स आम्ही आलटून पालटून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी चौदा माझ्याकडे होता, तो लवकर संपला. वाचनखोली बंद व्हायला अर्धा तास होता. मृणाल खाली काहीतरी खायला गेली होती. मी सोळा नंबरचा बॉक्स मागवला — तो आमच्या यादीत नव्हता — आणि घाईघाईने चाळीसेक कागदांचे फोटो काढले. चिठ्ठी बदलली नाही. चौदा, सहा. टेबलावर होती तीच राहिली.

परतीच्या बसमध्ये फोटो बघताना ते माझ्या लक्षात आलं. शेजारी मृणाल झोपली होती. घरी गेल्यावर फाइलींची नावं बदलू, असं ठरवलं. तिला सांगितलं नाही. कशावरून, कशावरून करणाऱ्या माझं हे असं — ती महिनाभर हसली असती. एवढंच कारण होतं. घरी आल्यावर फोटो आमच्या दोघींच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकले आणि नावं बदलायची राहिली.

त्या चाळिसांत एक टाइप केलेलं पत्र होतं. कार्बन प्रत, सही नाही. लंडनच्या एका बँकरने आपल्या भागीदाराला लिहिलेलं; न्यूयॉर्कच्या या मित्राला नुसती प्रत धाडलेली. मजकूर थोडक्यात असा, की पाहणी चालू ठेवावी, समिती बसू द्यावी, चर्चा चालू आहे तोवर दुसरं कुणी हात घालणार नाही, रूळ मात्र टाकायचे नाहीत. मृणाल वर्षभर नेमकं हेच शोधत होती. फोल्डरमध्ये तिला ते सापडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात नाचली. मी तेव्हा सांगायला हवं होतं, की नंबर चुकलाय. मी चहा ठेवला.

फेब्रुवारीत तिने ते पत्र एका परिषदेत मांडलं. ऐकणाऱ्यांपैकी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ग्रंथालयाकडे प्रत मागितली. चौदा नंबरच्या बॉक्समध्ये, सहाव्या फोल्डरमध्ये असं पत्र नाही, असं उत्तर आलं. पूर्ण बॉक्स तपासला. नाही. सही नसलेला टाइप केलेला कागद, शेजारी मृणालच्या अक्षरातली चिठ्ठी, आणि मूळ पत्र कुठेच नाही. पत्र तिनेच टाइप केलं, असं कुणी उघड म्हटलं नाही. म्हणायची गरज राहिली नव्हती.

मग तो गुरुवार. गाइडनी मला बोलावलं. तुम्ही दोघी बरोबर होता, चौदा नंबरच्या बॉक्समध्ये ते पत्र तुला दिसलं होतं का, असं विचारलं.

मी म्हटलं, "चौदा नंबरच्या बॉक्समध्ये मी तसं पत्र पाहिलेलं नाही."

ज्यांचे कागद मी दीड वर्ष वाचत होते, त्या मुत्सद्द्यांना हे वाक्य आवडलं असतं. तपासायला घ्या, प्रत्येक शब्द टिकतो. तेव्हा मनात काय होतं? भीती होती. एक चिठ्ठी चुकली म्हटलं की माझा प्रत्येक फोटो तपासला जाणार, आणि माझी पुढच्या वर्षीची असिस्टंटशिप, म्हणजे फी आणि पगार दोन्ही, एप्रिलमध्ये ठरणार होती. हे कारण म्हणून सांगत नाही. हा क्रम आहे.

त्याच दिवशी पाच वाजता मी सामायिक फोल्डरमधून ते चाळीस फोटो काढून टाकले. हे घाईत झालं असं म्हणता येणार नाही. एकेक निवडून काढले.

मृणालकडे त्या एकाच फोटोची प्रत उरली. दोघींनी मिळून दोन दिवसांत हजारभर फोटो काढले होते. दोन दिवसांनी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"हा फोटो तू काढलास की मी? खरं सांग, मला आठवतच नाहीये. मला काहीतरी होतंय का यार?"

मी तेच वाक्य तिला सांगितलं. मराठीत ते आणखी सोपं वाटलं.

मृणालची असिस्टंटशिप पुढे चालू राहिली नाही. असिस्टंटशिपशिवाय व्हिसा टिकत नाही. मे अखेरीस शैलाकाकूंनी तिला दशम्या आणि चटणी बांधून दिली. मृणाल गाडीत बॅगा ठेवत होती तेव्हा काकूंनी माझा दंड धरला. "तू होतीस ना गं तिच्याबरोबर? मग सांगितलं का नाहीस त्यांना?" मी म्हटलं, "काकू, त्यांची प्रोसीजर असते." त्यांनी दंड सोडला, पण बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं का? मी पुन्हा त्यांच्याकडे जेवायला गेले नाही.

माझी पीएचडी झाली. आता मी सनीव्हेलला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि एका कॉलेजात तासांवर शिकवते. जुना फोन कपाटाच्या खालच्या खणात आहे. त्यात ते चाळीस फोटो आहेत, वेळेसकट — चौदा नंबरचा बॉक्स परत केल्यानंतरची वेळ. मी ते पुसले नाहीत. फोन चार्जही केला नाही. ग्रंथालयाकडून नवीन सूचनांचा ईमेल आला की तो उघडण्याआधी मी दार लावून घेते. घरात कुणी नसलं तरी. सोळा नंबरचा बॉक्स कुणीतरी मागवेल — कुणी विद्यार्थी, कुणी हौशी रेल्वेवाला — आणि मग? तीन वर्षं मी हेच विचारते आहे. कुणी मागवला नाही.

गेल्या महिन्यात ईमेल आला. तो सगळा संग्रह स्कॅन करून ऑनलाइन ठेवला जातो आहे. मी रोज सकाळी बघत होते. बारा आला, तेरा, चौदा. या सोमवारी सोळा आला. पत्र त्यातल्या दोन नंबरच्या फोल्डरमध्ये आहे. वरच्या कोपऱ्यात टाचणीचा गंज, माझ्या फोटोत आहे तसाच.

मी त्या पानाची लिंक मृणालला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. ती आता नागपूरला एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी इतिहास शिकवते. तीन वर्षांत आमचं बोलणं वाढदिवसांपुरतं होतं.

मंगळवारी तिचा मेसेज आला.

"सापडलं!!! मी वेडी नव्हते यार. सोळा मागवल्याचं आठवतच नाही, त्यात चिठ्ठीच चुकीची ठेवली बघ मी, माझंच कर्म. बातमीदार, तू अजून शोधत होतीस माझ्यासाठी? सरांना तूच कळव, माझं ऐकणार नाहीत. थँक यू गं."

आज शुक्रवार आहे. सरांना मी कळवलेलं नाही. मृणालला उत्तर दिलेलं नाही.